विश्वासावर चालणारी रंगभूमी आणि कुणाचा तरी हात

तिसरी घंटा
एका ज्येष्ठ दिग्दर्शकांची पोस्ट सगळीकडे फिरतेय. मथितार्थ असा: इंटिमसी डायरेक्टर (जवळिकीचे प्रसंग नटांच्या संमतीने बसवून देणारा) हे ओटीटीचं फॅड, रंगभूमी विश्वासावर चालते, नट परवानगी मागत बसला तर प्रसंग मेला. खाली बदामांचा पाऊस. गप्प बसणार होते, जमलं नाही.

विश्वास कुणाचा कुणावर? जिला भूमिका हवीय ती विशीतली मुलगी आणि जो ती देणार तो दिग्दर्शक, यांच्यात ‘नाही’ म्हणायची सोय कितीशी असते? मारामारी आपण मोजून बसवतो. लाफ्याचा आवाज कुठून काढायचा, मान कधी फिरवायची, सगळं ठरलेलं. ‘फील आला’ म्हणून कुणी खरा लाफा मारला तर बोंब होते. मग मिठी, चुंबन, बलात्काराचा प्रसंग तेवढा ‘तुमचं तुम्ही बघा रे’?

इंटिमसी डायरेक्टरचं काम काय, तर कोणता हात कुठे, किती वेळ, आधी कोण सुटणार, एवढं ठरवायचं. सुरुवातीच्या तालमींत चुंबनाच्या जागी नुसती टाळी. प्रयोगाआधी तेवढा तुकडा एकदा करून बघायचा आणि आज पाठीवर हात नको असेल तर आजच सांगायचं. सिनेमात सीन ओके झाला की संपला, इथे रात्री पुन्हा तेच.

आणि ओटीटीचं फॅड? अमेरिकेतल्या इंटिमसी डायरेक्टर टोन्या सायना यांचा यावरचा प्रबंध २००६चा, नाटकासाठी. त्यांची संस्था २०१६ची. एचबीओ या अमेरिकन वाहिनीने मालिकेसाठी माणूस घेतला २०१८मध्ये, तोही त्याच संस्थेतून. उसनवारी कुणी केली ते बघा.

पुणेरी रसिक
छान. म्हणजे सेन्सॉरने सोडलं ते आता तालमीत आपणच बसवायचं. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त साडीवरचा लाल डाग निळा करायला लावला होता मंडळाने. त्यांच्याच ‘सखाराम बाइंडर’साठी १९७२मध्ये नाटकवाले कोर्टात गेले. लालन सारंगांनी चंपा उभी केली ती कुणाच्या चेकलिस्टवर?

तिसरी घंटा
दिग्दर्शक कमलाकर सारंग त्यांचे नवरे होते हो. प्रत्येकीने आधी दिग्दर्शकाशी लग्न करायचं का? आणि सेन्सॉर ठरवतं प्रेक्षकाने काय बघायचं. इथे प्रश्न नटीला काय चालेल याचा आहे. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका, काका.

पुणेरी रसिक
काका म्हणायचं कारण नाही. मुद्दे संपले की वय काढायचं, ही नवी पद्धत.

उजवी विंग
मी व्यावसायिक नाटकात काम केलंय, नाव सांगणार नाही. मूळ नट इतका काटेकोर, की डोळे मिटून प्रसंग करावा. त्याला मालिका मिळाली, रिप्लेसमेंट आला. त्याने प्रसंग उचलला व्हिडिओवरून, एका तालमीत. हात नेमका कुठे ते व्हिडिओत दिसतच नव्हतं, मी पाठमोरी. मग दर प्रयोगाला हात जरा खाली. दिग्दर्शकांना सांगितलं, तर म्हणाले, “अगं, हाऊसफुल्ल चाललंय ना!” दौऱ्यात त्याच बसने, त्याच्याच मागच्या सीटवर. विश्वासाबद्दल बोलणाऱ्यांनी ती बस बघावी.

नाईट मोजणारा
वाईट झालं, वाद नाही. पण हा तज्ज्ञ परवडणार कुणाला? थिएटरचं भाडं, जाहिरात, बस, बॅकस्टेजच्या नाईटी (दर प्रयोगाचे पैसे), त्यात आणखी एक. आणि खरं सांगू? आधी रंगपटाच्या (मेकअप रूमच्या) दाराला कडी लावा. आमच्या बायका बेडशीट धरून कपडे बदलतात.

मालवणी भाची
कडी?? आमच्याकडे एका नाट्यगृहात बायकांच्या टॉयलेटला नळ होता, पाणी नव्हतं. नऊवारीत तीन अंक. सांगा काय करायचं.

एकांकिकावाला
आमच्या स्पर्धेत मुलं-मुली एकाच खोलीत. पडदा होता, तो नेपथ्याला वापरला.

नाईट मोजणारा
तेच तर! संमतीच्या गप्पा नंतर, आधी टॉयलेट. पालिकेला किती वेळा लिहिलंय!

उजवी विंग
दादा, तुम्ही निर्माते आहात. कडी तुम्ही स्वतः आणून लावली असती तरी चाललं असतं. स्क्रू-ड्रायव्हर नेपथ्यवाल्यांकडे असतोच.

मालवणी भाची
😂

एकांकिकावाला
आणि मोबाइलचं काय? आमच्या एका मुलीने चुंबनाला राजीखुशी हो म्हटलं होतं. तिसऱ्या रांगेतल्या कुणीतरी तेवढाच तुकडा शूट केला आणि तो तिच्या काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. घरच्यांनी नाटक बंद केलं. तिथे कुठला डायरेक्टर काय करणार होता?

तिसरी घंटा
प्रेक्षकाने शूट केलं तर प्रयोग थांबवायचा की नाही, हे तरी आधी ठरलं असतं. पाठ प्रेक्षकांकडे ठेवून प्रसंग बसवता आला असता. आणि व्यावसायिकवाल्यांनो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा नाटकाच्या संचालाही आहे. दहा माणसं असली की अंतर्गत समिती, कमी असली तर जिल्ह्याची. ‘आमचे नट नाईटवर, कर्मचारी नाहीत’ हे चालत नाही, कायद्यात हंगामी आणि रोजंदारीवालेही येतात. किती संस्थांनी समिती नेमलीय?

नाईट मोजणारा
नेमतो. अध्यक्ष तुम्ही व्हा, नाईट मिळणार नाही.

पुणेरी रसिक
रिप्लेसमेंटचा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. प्रकाशयोजनेचे क्यू लिहून ठेवतो, तसे हेही लिहा आणि नव्या नटाला सहनटीसमोर वाचून दाखवा. पण त्याला डायरेक्टर म्हणू नका. एका नाटकाला एकच पुरे, तोच झेपत नाही.

उजवी विंग
म्हणा काहीही. वही फक्त दिग्दर्शकाकडे ठेवू नका.

नाईट मोजणारा
मग कुणाकडे? प्रॉम्प्टरकडे? तो मालिका करतो हल्ली.