कापडी डोम की कौलारू पडवी? मुरबाड-शहापूरच्या पावसात काय टिकेल

येऊरचा_वारा (धागाकर्ता)

ठाणे-नवी मुंबईतून शनिवारी निघणारं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून मुरबाड-शहापूर पट्ट्यात जो तो राहायला द्यायचे डोम, म्हणजे पाइपच्या सांगाड्यावर कापड ताणलेले गोल तंबू, टाकत सुटलाय. चित्र सगळीकडे एकच: पांढरा गोल डोम, पुढे पारदर्शक दर्शनी भाग, डेकवर टब, दोरीवर पिवळे दिवे. हा नमुना कोरड्या हवेत शोभतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधा हिशोब करा. ६ मीटर व्यासाच्या अर्धगोल डोमचं कापड साधारण ५६ चौ. मी. भरतं. त्यातलं १५ चौ. मी. पारदर्शक पीव्हीसी धरा. हा भाग पश्चिमेला असेल तर एप्रिलच्या दुपारी त्यातून चौ. मीटरला ५०० वॉट ऊन आत आलं तरी साडेसात किलोवॅट होतात. म्हणजे फक्त त्या ‘व्ह्यू’पायी दोन टनांहून जास्त एसी. माणसं, फ्रिज, बाकीचं कापड अजून धरलेलंच नाही.

तंबूच हवा असेल तर दुहेरी छताचा सफारी तंबू घ्या. आत पॉलिकॉटन कॅनव्हास, वर ३०-४५ सेंमी मोकळी हवा सोडून ६५० जीएसएमचं (चौ. मीटरला ६५० ग्रॅम वजनाचं) पीव्हीसी छत, आणि नैऋत्येकडे ते निदान ९०० मिमी पुढे काढलेलं. झड तिकडूनच येते. नाहीतर सरळ कौलारू खोली आणि पुढे पडवी.

खारघर_टेकडी

गणित बरोबर, निष्कर्ष चूक. दर्शनी भाग पश्चिमेला ठेवा असं कुणी सांगितलं? उत्तरेला किंवा ईशान्येला फिरवा, वर कापडी छपरी ताणा, निम्मं ऊन तिथेच संपलं. आतून फॉइलचं अस्तर, माथ्यावर ६ इंची एक्झॉस्ट, समोरच्या बाजूला खाली हवेची खिडकी. एवढं केलं की दीड-दोन टनांत भागतं.

पारदर्शक पीव्हीसी उन्हाने पिवळं पडतं, कडक होतं, घडीवर तडकतं. म्हणून तो भाग मुख्य कव्हरला वेल्ड करून घ्यायचा नाही, वेगळा लावता-काढता येईल असा मागायचा. मग बदलायचा खर्च एका तुकड्याचा, अख्ख्या कव्हरचा नाही.

आणि धंद्याचं बोला की. कौलारू खोली गावोगाव मिळते. मोबाइलवर अंगठा थांबतो तो डोमच्या फोटोवर. पावसाची एवढी धास्ती असेल तर जूनमध्ये कव्हर उतरवून ठेवा.

मुरबाडी

जूनमध्ये उतरवायचं? साहेब, मालशेजला गर्दी होते तीच मुळी जुलै-ऑगस्टात. गल्ला भरायच्या वेळी दुकान बंद?

अस्तराचं म्हणाल, तर बिघाडाचं मूळ तिथेच आहे. जुलैत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के दमटपणा असला की दवबिंदू २५ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून गार वस्तूवर हवेतलं पाणी सुटतं. पाहुणा एसी २० वर लावून झोपतो. बाहेरची ओली हवा शिवणींतून कापड आणि अस्तर यांच्यामध्ये शिरते आणि गार अस्तराच्या पाठीला पाणी सुटतं. आतून सगळं ठाकठीक दिसतं, मागे काळी बुरशी चढत असते. वास आला की समजायचं, अस्तर गेलं.

उपाय आहेत. एसी २५ च्या खाली उतरू नये अशी सेटिंग लॉक करा, फॉइलचे सांधे टेपने बंद करा, सोमवार ते गुरुवार रिकाम्या खोलीतही डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालू ठेवा, गाद्या फळ्या-फटींच्या पलंगावर ठेवा. पण हा रोजचा व्याप झाला, हे डोम विकणारा सांगत नाही. आणि ते ज्यूटचे गालिचे, मॅक्रमेच्या (दोऱ्यांना गाठी मारून केलेल्या) जाळ्या पावसाळ्यात काढूनच ठेवा. ओल्या पोत्यासारखा वास मारतात.

वागळे_वेल्डर

तुमचं चालू द्या, मी पायाचं बोलतो. त्यावर कुणीच आलं नाही.

आयएस ८७५ भाग ३, म्हणजे बांधकामावरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, त्याप्रमाणे मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद. दाब निघतो ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे चौ. मीटरला जवळपास ११८ किलो. ६ मीटर डोमचा तळ २८ चौ. मी. आहे. वर उचलणारं बल याच्या निम्मं धरलं तरी दीड टनाच्या वर जातं. कड्याच्या टोकाला, जिथे सगळ्यांनाच डोम हवा असतो, तिथे आणखी वाढवून धरावं लागतं.

स्क्रू पाइल (जमिनीत पिळून बसवायचा लोखंडी खांब) आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालत नाही. वर थोडा मुरूम, खाली काळा कातळ, पाइल अर्ध्यात अडतो. त्यापेक्षा ४५० बाय ४५० बाय ५०० मिमीचे दहा काँक्रीट ठोकळे घाला: एक घनमीटर, २.४ टन वजन. वर बेसप्लेट आणि अँकर बोल्ट. सांगाड्याचा पाइप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) हवा, आणि भोकं पाडून झाल्यावर गॅल्व्हनाइज केलेला. साइटवर पाडलेल्या भोकापासूनच गंज सुरू होतो. दाराची झिप नायलॉन कॉइलची घ्या, धातूची पहिल्याच पावसाळ्यात अडकते. हे आकडे अंदाजासाठी. सही स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच घ्या.

सीवूड्सची_ताई

टबबद्दल कोणीच का बोलत नाही? ३०० लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला सव्वापाच युनिट वीज. ३ किलोवॅटच्या हीटरला पावणेदोन तास. आणि लोक त्याला २५ लिटरचा गीझर जोडतात!

ते पाणी सेप्टिक टाकीत तर अजिबात सोडू नका. एका दमात ३०० लिटर आलं की टाकीतला गाळ ढवळतो आणि शोषखड्ड्यात जाऊन तो बुजवतो. वेगळी पाइप टाकून कर्दळीच्या खडीच्या वाफ्यात न्या, खडी ६० सेंमी खोल, वाफा जमिनीहून उंच. जुलैत शोषखड्ड्यात आधीच जमिनीतलं पाणी भरलेलं असतं. शिवाय शहापूरला भातसा, तानसा उशाशी असूनही एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतो. त्या पाड्यासमोर भरलेला टब डोळ्यांत खुपतो, ते वेगळंच.

खारघर_टेकडी

ताई, टब नसेल तर जोडपी बुकिंगच करत नाहीत, हेही तितकंच खरं. दोन डोमना द्या, सगळ्यांना नको, एवढं मान्य.

पण कौलांचं कौतुक थोडं आवरा. मंगलोरी कौलांवर माकडं नाचली की दर आठवड्याला पाच-दहा फुटतात. गळती नेमकी पलंगावर. कारवीचा कूड (काड्यांची लिंपलेली भिंत) दिसतो देखणा, पण दरवर्षी लिंपण. कारवी जंगलातली, हवी तेव्हा हवी तेवढी तोडून आणता येत नाही. बांबू बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यातून काढला नाही तर वर्षात भुंगेरा लागून खाली पिठूर पडतो.

येऊरचा_वारा

बांबू, कारवी मान्य. म्हणून भिंत चिऱ्याची किंवा विटेची घ्या, कूड फक्त पडवीच्या आडोशाला. माकडांसाठी कौलांखाली पत्रा टाकायचा. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून पागोळीत जातं.

खारघर_टेकडी

म्हणजे छप्पर पत्र्याचं आणि कौलं शोभेची! मग डोमलाच दिखावा का म्हणता?

मुरबाडी

शोभेची कशी? उघड्या पत्र्यावर मालशेजचा पाऊस कोसळायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हल्लीच्या ए-फ्रेम, म्हणजे छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरणाऱ्या इंग्रजी A आकाराच्या खोल्यांची तीच रड. त्यात ५ मीटर रुंद ए-फ्रेममध्ये ६० अंशांच्या उतारामुळे ताठ उभं राहण्याजोगी रुंदी २.९ मीटरच उरते. पत्र्यावर २५ मिमीच्या उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, त्यावर कौलं. पाऊस कौलावर फुटतो, आवाज खाली उतरत नाही, मधल्या फटीतून उन्हाची धगही निघून जाते. उतार ३० अंश ठेवा आणि कडेच्या दोन ओळी तारेने बांधा, तिथलीच कौलं आधी उडतात.