पिशवीला गाठ आणि मॅमोग्राफी: वहिनीसाठी मदत हवी आहे

नणंदबाई:
वहिनी ४४ वर्षांची. पाळीत आठ-आठ दिवस गुठळ्या पडून अंगावरून जातं, हिमोग्लोबिन ८.२. सोनोग्राफीत ५ सेमीचा इंट्राम्युरल फायब्रॉइड (गर्भपिशवीच्या भिंतीतली, कॅन्सर नसलेली गाठ). डॉक्टर म्हणतात, मुलं झालीत, पिशवी काढून टाका. काढायलाच हवी का? मॅमोग्राफीही (स्तनांचा एक्स-रे) लिहून दिलीय. गाठीचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा काही संबंध आहे का?

निरगुडी:
'मुलं झालीत' हे कारण पुरेसं नाही. बीडमध्ये ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं २०१९ साली गाजलं, ते आठवा.

आधी विचारा: गाठ आतल्या पोकळीत घुसते का? रक्तस्राव आकारापेक्षा जागेवर जास्त अवलंबून असतो. पोकळीतली छोटी गाठ भरपूर त्रास देते आणि ती बऱ्याचदा खालूनच, दुर्बिणीने काढता येते. या वयात पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं (बायोप्सी) आणि थायरॉइडही आधी. नाहीतर सगळा दोष गाठीवर जातो आणि खरं कारण तसंच राहतं.

रक्त जास्त जाण्याच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात: साधारणपणे ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, फार तर ५ दिवस. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर नाही. लोहाची गोळी चहा, दूध, कॅल्शियमबरोबर नको. शी काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढेपर्यंत ठरवून करायचं ऑपरेशन शक्यतो पुढे ढकला. घाई असेल तर लोह शिरेतून देतात.

हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू (५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल) चांगली, पण पोकळी वेडीवाकडी असेल तर निसटून पडते. ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनने गाठ आक्रसते, बंद केलं की पुन्हा वाढते. म्हणून ते ऑपरेशनआधी काही महिन्यांपुरतंच. गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं (एम्बोलायझेशन) हाही पर्याय आहे, मात्र ते इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत, बारीक नळीने उपचार करणारे डॉक्टर) करतात. गायनॅककडे विषय निघालाच नाही तर तुम्हीच काढा.

पिशवी काढायचीच ठरली तर संमतीपत्रावर अंडाशयं ठेवणार की काढणार ते वाचून सही करा. दोन्ही काढली की पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो, हाडंही झिजतात.

कातरवेळ:
फायब्रॉइडमुळे स्तनाचा कॅन्सर होत नाही. चाळिशीनंतर मॅमोग्राफी तशीही सांगतात. मात्र स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर वर सांगितलेली हार्मोनची वस्तू बसवत नाहीत, तेवढा संबंध.

पाळी संपल्यावरच्या आठवड्यात जावं, स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ नको. त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच परत बोलावतात. कुर्ता-सलवार घाला. प्रत्येक स्तनाच्या दोन फिल्म निघतात, दाब काही सेकंदच.

नणंदबाई:
मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' (निष्कर्षाचा ठरलेला क्रमांक) आलं तर?

कातरवेळ:
म्हणजे तपासणी अपुरी. जुन्या फिल्म मागतात किंवा सोनोग्राफी करतात. ३ असेल तर साधारण ६ महिन्यांनी पुन्हा. ४ किंवा ५ असेल तर सुईने तुकडा काढून तपासणी, त्यात चालढकल नको. रिपोर्ट नॉर्मल आला तरी हाताला गाठ लागत असेल तर दाखवाच. स्तनांतला भाग दाट (डेन्स) असेल तर मॅमोग्राफीला गाठ दिसत नाही असंही होतं.