केनिया टांझानियाच्या पुढे आहे, म्हणजे नक्की कशात?

दारकर
संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात केनिया १४३ वा आणि टांझानिया १६५ वा आल्यापासून आम्हा टांझानियातल्या दार-एस-सलामकरांची (थोडक्यात दारकरांची) नैरोबीची मित्रमंडळी कॉलर ताठ करून आहेत. "तुमच्याकडे लाइट तरी आली का सगळीकडे?" हा त्यांचा ठरलेला टोमणा. नाही आली. केनियात चारांतल्या तिघांना वीज मिळते, आमच्याकडे निम्म्यांच्या आसपास. दरडोई उत्पन्नही त्यांच्या दोन-तृतीयांशाच्या आतबाहेर.

पण त्याच अहवालातला आयुर्मानाचा रकाना हे लोक वाचत नाहीत. केनिया साधारण ६४ वर्षं, टांझानिया ६७. बाळंतपणात दगावणाऱ्या बायका, जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज: लाख जन्मांमागे केनियात ५३०, टांझानियात २३८. कमी पैशात माणसं जास्त जगत असतील तर राहणीमान कुणाचं बरं?

माझं मत: चांगली नोकरी हातात असेल तर नैरोबी, नसेल तर टांझानिया. आमचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे, त्यांच्या उजामाने म्हणजे सामुदायिक शेतीच्या समाजवादाने अर्थव्यवस्थेचं वाटोळं केलं हे खरं, पण सव्वाशे जमातींना स्वाहिली बोलायला लावून एका देशात बसवलं तेही त्यांनीच. २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात अकराशेहून जास्त माणसं मारली गेली, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं जाळली. आमच्याकडे आडनावावरून जमात ओळखून कुणी दगड मारत नाही.

नैरोबीची सून
"नसेल तर टांझानिया" हे फारच सोपं करून टाकलंत. नोकरी नसलेल्याच्या घरात मूल जन्मलं तर? वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं केनियात १८ टक्के, टांझानियात ३० टक्के. दोन्ही पाहण्या २०२२ च्या, सरकारी. आणि टांझानियात सगळ्यात वाईट कुठे? इरिंगा, न्जोम्बे, रुक्वा. जिथून देशभर मका जातो तिथेच निम्म्याच्या आसपास मुलं खुरटलेली. आई दिवसभर शेतात, धाकटं मोठ्या बहिणीच्या काखेत आणि पोटात सकाळ-संध्याकाळ मक्याची पातळ पेज. दूध, अंडी, भाजी बाजारात विकायला. घरात धान्य असताना हे होतंय.

बाईमागे मुलं केनियात ३.४, टांझानियात ४.८. माझ्या मते केनियातल्या मुली जास्त वर्षं शाळेत टिकल्या, त्याचा हा फरक आहे.

हिशेबनीस
मी नैरोबीत पगारपत्रकं करतो, त्यामुळे "चांगली नोकरी असेल तर नैरोबी" यालाच आक्षेप. आयकर वेगळा, त्यावर आरोग्य विम्याचे २.७५ टक्के, घरबांधणीचे १.५ टक्के, शिवाय पेन्शन. ती घरं कुणाला मिळणार ते देवाला ठाऊक. उरलेल्यात मुलांच्या बोर्डिंगची फी, टँकरचं पाणी, गेटवरचा अस्कारी म्हणजे पहारेकरी, कुंपणावरची विजेची तार. नैरोबीतला मध्यमवर्गीय सरकारला कर देतो आणि सरकारची कामं पुन्हा स्वतःच्या खिशातून करून घेतो.

विम्याची जुनी योजना मोडून ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी आणली. तरी घरात आजारपण आलं की वर्गणीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतोच. आमच्या ड्रायव्हरच्या वडिलांच्या ऑपरेशनचा ग्रुप अजून माझ्या फोनमध्ये आहे. नावांची यादी, प्रत्येकापुढे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, आलेली रक्कम, ५००, १०००, कुणाचे २०० शिलिंग, खाली बेरीज, आणि रोज रात्री ॲडमिनचा मेसेज की अजून इतके कमी पडताहेत. बिल फिटेपर्यंत प्रेतसुद्धा ताब्यात न देणारी इस्पितळं आहेत इथे. नंबर १४३!

टिंगलखोर
ज्यांच्याकडे लाइट नाही त्यांची दार-एस-सलाम ते राजधानी दोडोमा रेल्वे विजेवर धावते. ज्यांच्याकडे लाइट आहे त्यांची मोंबासा ते नैरोबी डिझेलवर. चालू द्या.

आडवा प्रश्न
दारकर, दगडांचं राहू द्या, गोळ्यांचं बोला. २९ ऑक्टोबर २०२५ ला तुमच्याकडे मतदान झालं. मुख्य विरोधी पक्ष चाडेमा रिंगणाबाहेर, त्याचे नेते टुंडू लिसू देशद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात. लोक रस्त्यावर आले तर इंटरनेट बंद, दारमध्ये कर्फ्यू. आणि निकाल काय, तर राष्ट्राध्यक्ष सामियाबाईंना जवळपास ९८ टक्के मतं!

केनियातही पोलीस गोळ्या घालतात, त्यांना सूट नाही. पण जून २०२४ मध्ये पोरं करवाढीविरुद्ध संसदेत घुसली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी विधेयक मागे घेतलं. बाप गेल्याचं दुःख दोन्हीकडे सारखंच, पण एकीकडे पुढचा कर तरी टळला. हे राहणीमानात धरायचं की नाही?

दारकर
ऑक्टोबरचं समर्थन मी करणार नाही. फोन नुसता हातात धरून बसलो होतो घरात. पण मोरोगोरोच्या शेतकऱ्याला विचाराल तर तो खताचा भाव आधी सांगेल, लिसूंचं नाव नंतर.

आडवा प्रश्न
त्याला विचारायची सोय कुठे ठेवलीय?

कारियाकोवाला
सगळे शेतकरी आणि ड्रायव्हरच्या नावाने भांडताय, आपल्या भारतीयांचं कुणी बोलतच नाही. जुलै २०२५ मध्ये टांझानियाने परदेशी लोकांना १५ प्रकारचे छोटे धंदे बंद केले. मोबाइल दुरुस्ती, सलून, किरकोळ दुकान, सगळं. केनियाने २०१७ मध्ये तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. पासपोर्ट भारतीय असेल तर त्याचा काही उपयोग नाही म्हणा, पण हवा कुठे कशी आहे ते कळतं. एक सांगतो, दारच्या कारियाको बाजारातले फेरीवाले त्या हुकमावर खूश होते. चिनी दुकानदारांनी त्यांचं गिऱ्हाईक तोडलं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पेढे वाटले असते.

शाळामास्तर
स्वाहिलीने देश जोडला हे खरं, पण त्याची किंमत पोरं मोजतात. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिकला गेलं की एकदम सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. २०१६ पासून माध्यमिकची फी माफ आहे, वर्ग ओसंडून वाहतात, पण मास्तर इंग्रजीत लिहितो आणि स्वाहिलीत समजावतो. टांझानियाच्या अरुशा शहरातले पैसेवाले पूर्वीपासून मुलं केनियातल्या बोर्डिंगला पाठवत आले ते उगाच नाही.

दारकर
भाषा, मतदान, दुकानं सगळं झालं. बाळंतपणातल्या मृत्यूंच्या ५३० आणि २३८ चं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

नैरोबीची सून
देते. २०१३ पासून केनियात आरोग्यसेवा ४७ काउंट्यांच्या, म्हणजे जिल्हा सरकारांच्या, हातात गेली. पगार कुणी द्यायचा यावरून काउंटी आणि नैरोबीचं केंद्र सरकार भांडतात आणि डॉक्टर संपावर जातात. २०१६-१७ मध्ये १०० दिवस, २०२४ मध्ये ५६ दिवस. २०१७ मध्ये तर नर्सेसही महिनोन्महिने बाहेर होत्या. वर मांडेरा, वजीरसारखे उत्तरेचे भाग, जिथे इस्पितळ गाठेपर्यंत दिवस मावळतो. हे सगळं त्या ५३० मध्ये आहे. पण तुमच्याकडे संप का होत नाहीत तेही सांगा की. २०१२ मध्ये झाला होता. संपाच्या पुढाऱ्याला, तो स्वतः डॉक्टर, पळवून नेलं आणि बेदम मारून दार-एस-सलामबाहेर जंगलात टाकलं.

दारकर
ते माहीत आहे. तरी बाळंतिणीला दार उघडं मिळालं.

हिशेबनीस
दार उघडं असून आत औषध नसेल तर ते बाहेरून विकत आणावं लागतं, तुमच्याकडेही. संपात आमच्या ऑफिसातल्या बायका खासगीत गेल्या, कंपनीचा विमा होता. साफसफाईवाली पश्चिम केनियात काकामेगाला माहेरी गेली, गावच्या सुइणीकडे. तिच्याकडे दोन्ही देशांच्या तक्त्यांपैकी कुठला घेऊन जाऊ?