सर्व्हर नवा झाला, स्टोरेज उघडेना: एसएमबी-१ परत चालू करावं का?

उद्यमबाग_नेटवर्क

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. बेळगाव भागातल्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये सर्व्हर बदलायचं काम अजून चालूच आहे. नवा सर्व्हर बसला की पहिली तक्रार ठरलेली: जुना एनएएस (नेटवर्कला जोडलेला फाइल साठवायचा डबा) उघडत नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला: फीचर्समध्ये जा, एसएमबी १.० (फाइल शेअर करायचा जुना प्रोटोकॉल, म्हणजेच एसएमबी-१) वर टिक करा, रीस्टार्ट मारा, होतंय चालू.

हा सल्ला देणं आता थांबवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी-१ मधल्याच भोकातून पसरला. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता हे खरं, पण भोक बुजवलं म्हणून प्रोटोकॉल सुधारत नाही. त्याला एन्क्रिप्शन नाही, मधे बसून कुणी फेरफार केला तर ओळखायची धड सोय नाही. टॅलीचा डेटा, पॅटर्नची ड्रॉइंग आणि पगारपत्रक ज्या सर्व्हरवर आहे, तिथे हे दार कशाला उघडायचं?

शिवाय पुष्कळदा दोष तिथे नसतोच. ‘नेटवर्क’ या फोल्डरमध्ये एनएएसचं नाव दिसत नाही म्हणून लोक तो बंद पडलाय असं धरून चालतात. ती नावांची यादी जुन्या कॉम्प्युटर ब्राउझर सेवेवर चालायची आणि ती सेवा एसएमबी-१ बरोबरच गेली. यादीत नसलेला एनएएस थेट आयपी टाकल्यावर उघडू शकतो. म्हणून आधी आयपीने उघडा. नाही उघडला तर पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड खिडकीत) टेस्ट-नेटकनेक्शन चालवून त्या आयपीचं ४४५ पोर्ट (एसएमबीचं दार) बघा. पोर्ट लागत नसेल तर केबल, आयपी किंवा फायरवॉल. लागत असेल आणि तरी नकार येत असेल तर मग प्रोटोकॉल नाहीतर पासवर्ड. एवढं वेगळं केल्याशिवाय कुठलीही टिक मारू नये.

मच्छे_सीएनसी

साहेब, ऑफिसपुरतं तुमचं बरोबर आहे. शॉपफ्लोअरवर या जरा. जुन्या व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) कंट्रोलर आतून एक्सपीवर चालतो, त्याला एसएमबी-१ शिवाय दुसरी भाषा येत नाही. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलायला मशीन बनवणारा हात लावू देत नाही, आणि दिलाच तर जो आकडा सांगतो तो लहान युनिटला झेपत नाही. मशीन यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत आहे, तीन शिफ्ट चालतंय. नव्या सर्व्हरवर एसएमबी-१ बंद म्हणजे प्रोग्राम मशीनवर जायचे बंद.

मग काय होतं? ऑपरेटर पेनड्राइव्ह घेऊन फिरतो. तोच पेनड्राइव्ह घरी, तोच झेरॉक्सच्या दुकानात, तोच परत मशीनला. व्हायरस यायला त्याहून सोपी वाट नाही. वर कुठली रिव्हिजन कुठल्या मशीनवर गेली याचा पत्ताच राहत नाही, आणि जुना प्रोग्राम लागून जॉब रिजेक्ट झाला की नुकसान खरं रुपयांत होतं. सरसकट ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला पाहिजे.

उद्यमबाग_नेटवर्क

उत्तर आहे, आणि ते मुख्य सर्व्हरवर टिक मारण्यात नाही. एक जुना डेस्कटॉप घ्या, दोन नेटवर्क कार्ड, लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारं सॉफ्टवेअर). सांबाने ४.११ पासून एसएमबी-१ डिफॉल्टमधून काढलंय, म्हणून ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ला ‘एनटी१’ (म्हणजे एसएमबी-१) द्यावं लागेल. कंट्रोलर एनटीएलएम-२ (पासवर्ड तपासायची नवी पद्धत) बोलत नसेल तर ‘एनटीएलएम ऑथ’सुद्धा ‘यस’ करावं लागतं, नाहीतर पासवर्ड बरोबर असून नकार येतो आणि माणूस दिवसभर पासवर्डच बदलत बसतो.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की ‘मिन प्रोटोकॉल’ अख्ख्या सांबाला लागतो, शेअरनिहाय देता येत नाही. म्हणून ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली’ ‘यस’ करून सांबा फक्त मशीनच्या बाजूच्या कार्डावर ऐकवा. ऑफिसच्या कार्डावर ४४५ बंदच. मुख्य सर्व्हर आणि हा डबा यांच्यात फाइल एसएसएचवरून (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून) आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने न्या. मशीनच्या बाजूला वेगळा स्विच किंवा व्हीएलएएन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं जाळं), वेगळी आयपी रेंज, गेटवे रिकामा, आणि डब्यात आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरून दुसऱ्यावर वाहतूक पुढे पाठवणं) शून्य. इंटरनेट त्या बाजूला जाताच कामा नये.

कुठली मशीन अजून एसएमबी-१ मागतात हे अंदाजाने ठरवू नका. जुना सर्व्हर काढण्याआधी त्यावर एसएमबी-१ चं ऑडिट चालू करा. एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये ३००० नंबरचे इव्हेंट येतात आणि त्यात मागणाऱ्याचा पत्ता असतो. महिनाअखेरीचा एक फेरा त्यात यायला हवा, कारण काही मशीन तेव्हाच जागी होतात.

निपाणी_सौहार्द_आयटी

तुम्ही दोघं एसएमबीवरच अडकलाय. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांत स्टोरेज बऱ्याचदा आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क थेट सर्व्हरला जोडायची पद्धत) जोडलेलं असतं, तिथे एसएमबी-१ चा काही संबंध नाही. पोर्ट ३२६०. आणि तिथली चूक नुसती अडचण करत नाही, डेटा घालवते. म्हणून सविस्तर लिहितोय.

सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला की त्याचं इनिशिएटर नाव (स्टोरेजकडे ओळख सांगणारं नाव) बदलतं, कारण विंडोज ते मशीनच्या नावावरून बनवतं. अ‍ॅरेवर (डिस्कच्या पेटीवर) परवानगी जुन्या नावाला असते. मग टार्गेट (स्टोरेजची बाजू) दिसतं पण लॉगिन नाकारलं जातं, किंवा लॉगिन होतं आणि एकही डिस्क येत नाही. उपाय: अ‍ॅरेच्या होस्ट यादीत नवं नाव घाला. नव्या सर्व्हरला जुनं नाव देऊन काम उरकायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. जुना सर्व्हर ‘पाहू नंतर’ म्हणून तसाच जोडलेला असतो, त्याच्या फेव्हरिट टार्गेट्समध्ये (आपोआप जोडायच्या यादीत) नोंद असते, आणि लाइट जाऊन आली की तोही उठून त्याच एलयूएनवर (स्टोरेजने दिलेल्या डिस्कवर) लॉगिन करतो. क्लस्टर (एकमेकांशी जुळवून चालणारे सर्व्हर) नसताना एकाच एनटीएफएस डिस्कवर दोन सर्व्हर लिहायला लागले की फाइल सिस्टिम फाटते. आधी जुन्यावरची नोंद काढा, मग त्याची केबल काढा, मग नव्याला जोडा.

दुसरं. डिस्क आली आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘ऑफलाइन’ दिसली तर घाबरायचं कारण नाही, विंडोजची सॅन पॉलिसी (बाहेरून आलेल्या डिस्कसाठीचा नियम) तिला तशी ठेवते. राइट क्लिक, ऑनलाइन. रीड-ओन्ली राहिली तर डिस्कपार्ट या कमांडने ती रीड-ओन्लीची खूण काढा. पण ‘इनिशियलाइज डिस्क’ अशी खिडकी आली तर कॅन्सल. फॉरमॅट विचारलं तरी कॅन्सल. ज्यात डेटा आहे ती डिस्क असं विचारत असेल तर एकतर भलतंच एलयूएन जोडलं गेलंय, नाहीतर विभाजन वाचता येत नाहीये. दोन्हीत ‘ओके’ दाबणं म्हणजे खातेदारांच्या नोंदींवर पाणी सोडणं.

दोन केबल असतील तर एमपीआयओ (एका डिस्कचे अनेक रस्ते एकत्र धरणारं) फीचर आधी टाका. ते नसलं की एकच डिस्क दोनदा दिसते आणि लोक दुसरीला ‘नवी, रिकामी’ समजतात.

चिक्कोडी_केबलिंग

याला जोड. सर्व्हर बदलताना नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलतो आणि जम्बो फ्रेमची (मोठ्या मापाच्या नेटवर्क पाकिटांची) सेटिंग उडते. अ‍ॅरे ९००० बाइटवर, सर्व्हर १५०० वर, मग कॉपी अडकते. म्हणून लहान ठिकाणी जम्बो लावूच नये असं माझं म्हणणं. एक गिगाबिटच्या जाळ्यात त्याचा फायदा नगण्य.

निपाणी_सौहार्द_आयटी

निष्कर्ष मान्य, कारण चूक. एक टोक १५०० आणि दुसरं ९००० असेल तर टीसीपी जोडणी करतानाच लहान मापावर जुळतं, काम चालतं. घोटाळा होतो दोन्ही टोकं ९००० आणि मधला स्विच १५०० असेल तेव्हा. नवा सर्व्हर लावताना केबल जवळच्या साध्या स्विचमध्ये खोचली की नेमकं हेच होतं. लक्षण ओळखीचं आहे: लॉगिन होतं, फोल्डरची यादी येते, लहान फाइल उघडते, मोठी कॉपी शून्यावर येऊन थांबते.

तपासणी: विंडोजवर पिंगला ‘-एफ -एल ८९७२’ द्या. लिनक्सवर ‘-एम डू -एस ८९७२’. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंगचे) ८ बाइट वजा, म्हणून ८९७२. साधा पिंग जातो आणि हा जात नाही, तर मधे कुठेतरी माप लहान आहे. काही कार्डांच्या सेटिंगमध्ये ९०१४ लिहिलेलं असतं, त्यात इथरनेटचे १४ बाइट धरलेले असतात. अ‍ॅरेवरच्या ९००० शी ते जुळतं, बदलायला जाऊ नका.

चिक्कोडी_केबलिंग

हे पटलं. तरी जम्बोबद्दलचं मत तेच: जो स्विच उद्या कुणीही बदलू शकतो, त्यावर अवलंबून राहणारी सेटिंग ठेवू नये. आणि स्टोरेजचा स्विच यूपीएसवर आहे का तेवढं बघा. सर्व्हर यूपीएसवर, अ‍ॅरे यूपीएसवर आणि मधला आठ पोर्टचा स्विच भिंतीच्या सॉकेटवर, अशी जोडणी वळवाच्या दिवसांत रोज संध्याकाळी तुटते.

खानापूर_टेक

लाइटवरून एक राहिलं. सर्व्हर रीस्टार्ट झाला की शेअर गायब आणि डिस्क मात्र जागेवर, असं झालं तर शेअरची सेवा आयस्कझीच्या आधी उठलेली असते. सर्व्हर सेवेला आयस्कझी इनिशिएटर सेवेवर अवलंबून करा. एससी कॉन्फिग या कमांडने करताना आधीपासून असलेली अवलंबनं पण त्याच ओळीत परत लिहा, नाहीतर ती पुसली जातात.

आणि डोमेनमध्ये असलेल्या जुन्या एनएएसचं घड्याळ बघा. आतली सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते, लाइट गेली की तारीख मागे जाते. कर्बेरॉसला (डोमेनमध्ये ओळख तपासणाऱ्या पद्धतीला) डिफॉल्टने ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. बाहेरून दिसतं ते एवढंच की कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज चालत नाही.

मच्छे_सीएनसी

मूळ मुद्द्यावर येतो. वेगळा डबा ठीक आहे, मी विरोधात नाही. पण सर्व्हर २०२५ आणि विंडोज ११ च्या २४एच२ ने पुढचा प्रश्न आणलाय. हे दोन्ही एसएमबीला सही (संदेशात फेरफार नसल्याची डिजिटल खूण) सक्तीची मागतात. एनएएस एसएमबी-२ बोलत असला तरी सही येत नसेल तर ‘सिग्नेचर अवैध’ म्हणून नाकारतात. आता यात काय बिघडलं सक्ती काढली तर? घरातलंच जाळं आहे. पॉवरशेलची एक ओळ आणि काम सुरू.

उद्यमबाग_नेटवर्क

एसएमबी-१ पेक्षा हे कमी धोक्याचं, एवढं मानतो. पण आधी एनएएसच्या पडद्यावर बघा. बऱ्याच एनएएसच्या आत सांबाच असतं आणि एसएमबीच्या प्रगत सेटिंगमध्ये सही चालू करायची सोय असते, कुणी उघडून बघितलेलीच नसते. फर्मवेअर अपडेट करून मग तिथे बघा. वेग थोडा उतरेल, जुन्या कमी ताकदीच्या प्रोसेसरवर जास्त.

आणि बहुतेक ठिकाणी खरी अडचण सहीची नसून गेस्टची आहे. पासवर्डशिवाय सगळ्यांना उघडा शेअर ठेवलेला असतो. गेस्टला सही करायला किल्लीच नसते, म्हणून सक्ती असताना तो आत येऊच शकत नाही. एनएएसवर प्रत्येक विभागाला एक वापरकर्ता करा, पासवर्ड द्या. मग आधी जुनी जोडणी ‘नेट यूज’ने तोडा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधली नोंद पुसा, नाहीतर एरर १२१९ येईल: एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. हे सगळं एका दुपारचं काम आहे. ते टाळायला सक्ती काढायची, हे मला पटत नाही.

मच्छे_सीएनसी

एका दुपारचं काम तुमच्यासाठी. चाळीस पीसी आणि एकच माणूस असलेल्या युनिटला सोमवारी सकाळी डिस्पॅचची चलनं काढायची असतात. सक्ती त्या एका सर्व्हरवर काढा, वहीत तारीख लिहा, महिन्यात वापरकर्ते तयार करून परत लावा. हाच रस्ता चालण्यासारखा आहे.

खानापूर_टेक

काही जण एनएएस तसाच ठेवून लिनक्स मधे घालतात: जुना शेअर ‘व्हर्स १.०’ देऊन माउंट करायचा (जोडून घ्यायचा) आणि सांबातून नव्या प्रोटोकॉलने पुढे द्यायचा. दोन गोष्टी सांभाळा. लिनक्स कर्नल ५.१५ पासून जुनं एनटीएलएम काढून टाकलंय, त्यामुळे उबुंटू २२.०४ वर फार जुना एनएएस माउंटच होणार नाही. आणि माउंट करताना ‘आयओ कॅरसेट’ला ‘यूटीएफ८’ द्या. आपल्याकडे एकाच शेअरमध्ये मराठी आणि कन्नड नावांचे फोल्डर असतात. हे विसरलात तर दोन्हींच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि त्या नावाने फाइल उघडत नाही.

टॅलीचा डेटा मात्र अशा मधल्या डब्यावरून अजिबात चालवू नका. लॉक (एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारं) पलीकडे नीट पोचेल याची खात्री नसते. दोघांनी एकाच वेळी व्हाउचर टाकलं तर डेटा बिघडू शकतो. ड्रॉइंग आणि प्रोग्राम वाचण्यापुरतंच ठेवा.

उद्यमबाग_नेटवर्क

टॅलीबद्दल पूर्ण सहमत. मच्छेकर, महिनाभराच्या सवलतीला माझी हरकत एका अटीवर मागे: त्या काळात त्या एनएएसची एक प्रत जाळ्याबाहेर, काढून ठेवलेल्या डिस्कवर असली पाहिजे, आणि त्यातली एक फाइल परत उघडून बघितलेली असली पाहिजे. एसएमबी-१ ला सवलत नाही, महिन्याचीही नाही. विंडोज १० होम आणि प्रो वर तर आधीपासून असलेला एसएमबी-१ क्लायंट वापर झाला नाही तर मशीन चालू असलेल्या १५ दिवसांनी आपोआप निघून जातो, आणि त्याच तक्रारीसाठी परत बोलावणं येतं.