लाँग राइडला मागे पडलेल्यासाठी थांबायचं की नाही?

मागचं चाक:
३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) तोंडावर आलीय म्हणून आम्ही सहा जण १५० किमीच्या सरावाला निघालो. निघताना ठरलं होतं, 'सगळे सोबत'. साठेक किलोमीटर मी सगळ्यांत शेवटी, पण पुढच्याच्या चाकाला चिकटून होतो. मग प्रत्येक वळणानंतर, प्रत्येक गतिरोधकानंतर थोडं अंतर पडायला लागलं. दात-ओठ खाऊन ते भरून काढत होतो. नव्वदीच्या आसपास चढ लागला आणि मी ड्रॉप झालो. माथ्यावर कुणी नव्हतं. पुढे पंक्चर. पंप ग्रुपमध्ये एकच, आणि तो ज्याच्या फ्रेमला तो सगळ्यांच्या पुढे. (फोन उचलला नाही. चालवताना कोण उचलतं म्हणा.) पाऊण तास सायकल हातात धरून चाललो.
सोबत निघालात तर थांबायला हवं, असं माझं मत. थांबायचं नसेल तर आधी सांगा, मी एकटाच निघतो.

एकटा टायर:
वाईट वाटलं, पण सहमत नाही. बीआरएमला तुमच्यासाठी कोण थांबणार आहे? ३०० किमीला २० तास. खाणं, डुलकी, पंक्चर सगळं धरून ताशी १५. ते घड्याळ ज्याचं त्यानेच सांभाळायचं. मग मागे पडून एकट्याने उरलेलं अंतर कापणं हाही सरावच झाला की.
थांबणाऱ्यांचंही बघा. घाम सुकतो, पाय आखडतात, दर अर्ध्या तासाने नव्याने सुरुवात. सलग चार तास एका लयीत चालवायला निघालेल्याचा दिवस पाण्यात. आणि पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर जवळ नसताना १५० ला निघालात, त्यात मित्रांचा काय दोष?

जुना पायडल:
एकटा टायर, पंपाचं मान्य. पण ते कमजोर होते म्हणून सुटले, हे तुम्ही गृहीतच धरलंत. रांगेतल्या शेवटच्याची दैना वेगळी असते. पहिला गतिरोधक ओलांडून वेग घेतो, तेव्हा शेवटचा अजून ब्रेकवर असतो. त्याची पाळी येईपर्यंत पुढे मोठी फट पडलेली. ती बुजवायला त्याला स्प्रिंट मारावी लागते, पहिल्याला याचा पत्ताही नसतो. साठ किलोमीटरभर असे हिसके खा, मग बघू चढावर कोण टिकतो.
त्यात वारा. हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २८ वरून ३२ वर गेलात की जवळजवळ दीडपट! पुढच्याच्या आडोशाला यातलं बरंच वाचतं, म्हणूनच आडोसा सुटला की माणूस एकदम बसतो.
आम्ही काय करतो सांगतो. दम असलेला जास्त वेळ पुढे ओढतो. कमी दमाचा तिसरा-चौथा, शेवटी कधीच नाही. शेवटी जुनाजाणता माणूस, फट पडली की तो हाक मारतो. वळण संपल्यावर पहिल्याने पाच-सहा पायडल हलके मारायचे. यात किती वेळ जातो? मोजून बघा. चढावर मात्र ज्याने त्याने आपल्या गतीने जावं, तिथे वेगच इतका कमी की ड्राफ्टचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाचा, उपयोग नाही. माथ्यावर सगळे जमले की पुढे.

एकटा टायर:
छान. म्हणजे तिसऱ्या जागेवर बसवून त्याला आडोशातून १५० फिरवून आणायचं. बीआरएमच्या रात्री समोरचा वारा एकट्याने खायची वेळ आली की त्याला कळेल, हे १५० आपण केलेच नव्हते.

चढउतार:
गंमत म्हणजे हे भांडण शंभर वर्षं जुनं आहे. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला ऑदॅक्स प्रकार घोळक्यानेच चालवायचा होता: पुढे कप्तान, ठरलेला वेग, कुणी पुढे जायचं नाही. तो अजूनही चालतो, ताशी २२.५ ने. १९२१ मध्ये ऑदॅक्स क्लब पारिझियँने मोकळ्या गतीच्या राइड सुरू केल्या. आजची बीआरएम त्याच घराण्यातली. तुमच्या ग्रुपने बोलताना पहिला प्रकार ठरवला आणि चालवला दुसरा.
तरी मी थांबण्याच्या बाजूची. वाऱ्याबिऱ्याचं जाऊ द्या. बाईमाणसाला अंधार पडताना निर्मनुष्य रस्त्यावर सायकल ढकलत चालायला लागलं, तर ती पुढच्या राइडला येतच नाही. आमच्याकडच्या दोघी अशाच सुटल्या.

एकटा टायर:
हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चढाच्या माथ्यावर दहा मिनिटं, इतकं कबूल. त्याहून जास्त नाही.

मागचं चाक:
दहा मिनिटं चालतील, मी आठव्या मिनिटाला पोचतो. काल पंप घेतला.

जुना पायडल:
पंक्चर काढता येतं का?

मागचं चाक:
पुढच्या चाकाचं.