कुल्निंग आणि योडेलिंग वेगळं

एकांनी लिहिलंय की स्वीडनच्या गायिका सुसान रोसेनबर्ग यांचं कुल्निंग, म्हणजे रानातल्या गुरांना बोलावायची गाती हाक, ऐकून आल्प्समधलं योडेलिंग आठवलं. कानाला साम्य वाटतं खरं, पण गळ्याचं काम वेगळं आहे. योडेलिंगमध्ये आवाज खालच्या भरीव सुरातून वरच्या पातळ सुरात सारखा उड्या घेतो. कुल्निंग मुख्यतः वरच्या पट्टीतच असतं, सरळ, धारदार, कंप जवळजवळ नाहीच. स्वीडनमधल्या दालार्नासारख्या भागात उन्हाळाभर बायका-मुली गुरं घेऊन गावापासून दूर, रानातल्या वस्तीवर राहायच्या. तिला तिकडे 'फेबूद' म्हणतात. झाडीत पांगलेल्या गाईंपर्यंत हाक पोचायला असाच आवाज लागतो. त्या हाकेत गाईंची नावंही गुंफलेली असतात, आणि मला तेच सगळ्यात लोभस वाटतं!

रोसेनबर्ग यांनी ही हाक नुसती मंचावर आणली नाही, तिचा अभ्यास केला आणि स्टॉकहोमच्या संगीत महाविद्यालयात ती शिकवलीही. स्वीडन-नॉर्वेच्या या उन्हाळी गुरचराईच्या परंपरेला 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

ही हाक दूरवरून ऐकायची, म्हणून ऐकताना हेडफोन मात्र काढा. स्पीकर लावून दुसऱ्या खोलीत जा आणि तिथून ऐका.