ऑल-स्टार सामन्याची सुरुवात करण्याचा मान कोणत्या पिचरला मिळावा?

कर्वेनगरकर (प्रश्न):
नमस्कार. 17 जुलै 2024 रोजी आषाढी एकादशीची सुट्टी होती, त्यामुळे पहाटे साडेपाचला सुरू झालेला अमेरिकी बेसबॉलचा ऑल-स्टार सामना (नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला) आम्हाला निवांत पाहता आला. मात्र साबुदाण्याची खिचडी ताटात पडेपर्यंत घरात जो वाद पेटला, तो अजून मिटलेला नाही. नॅशनल लीगचे मॅनेजर टोरी लोव्हुलो यांनी पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पॉल स्कीन्सकडे पहिली इनिंग (नऊ डावांपैकी पहिला) सोपवली. त्याचे पदार्पण 11 मेचे, म्हणजे खात्यावर अवघे 11 सामने. त्यांत सहा विजय होते, पराभव एकही नव्हता आणि ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) 1.90 होता, हे मान्य. परंतु अटलांटाचा ख्रिस सेल हंगामाच्या पहिल्या दिवसांपासून राबत होता आणि त्याच्या नावावर 13 विजय, 3 पराभव व 2.70 ईआरए जमा होता. हा मान अर्ध्या हंगामाच्या कष्टांचा आहे की त्या क्षणी सर्वाधिक धाक असलेल्या हाताचा?

औंधवासी:
माझ्या मते दुसऱ्याचा. सामना प्रदर्शनीय आहे, सुरुवात करणारा पिचर हल्ली बहुधा एकच इनिंग टाकतो आणि लोक त्या इनिंगसाठी उठून बसतात. स्कीन्सने 66⅓ इनिंगमध्ये 89 स्ट्राइकआउट (फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद करणे) घेतले होते. सामन्याच्या पाचच दिवस आधी मिलवॉकीविरुद्ध त्याने सात इनिंगमध्ये एकही हिट (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारा फटका) दिली नाही आणि 11 जणांना स्ट्राइकआउट केले, तेव्हा लोव्हुलो यांनी दुसरे कोणते नाव घ्यायचे होते? नवख्याला हा मान देणे नवेही नाही. 1976 मध्ये मार्क फिड्रिच, 1981 मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएला आणि 1995 मध्ये हिदेओ नोमो यांनी पहिल्याच हंगामात ऑल-स्टार सामना सुरू केला. नोमोचा सामना तर 2024 चा सामना झाला त्याच आर्लिंग्टन शहरात झाला होता. आदल्या वर्षीच्या खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाची अंतिम मालिका) रद्द झाली होती आणि रुसलेला प्रेक्षक मैदानाकडे परत आणायचा होता. त्या कामी नोमोचा मोठा हातभार लागला.

सदाशिव पेठ:
औंधवासी यांनी फिड्रिचचे नाव घेतले, पण त्याने त्या सामन्याच्या पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा दिल्या होत्या, हे सोयीस्करपणे वगळले. असो. माझा आक्षेप नियमाच्या अंगाने आहे. ईआरएच्या क्रमवारीत नाव येण्यासाठी पिचरने संघाच्या प्रत्येक सामन्यामागे सरासरी एक इनिंग टाकलेली असावी लागते. पायरेट्सचे तोवर 96 सामने झाले होते आणि स्कीन्सच्या इनिंग 66⅓. ज्या आकड्यावर त्याची निवड समर्थनीय ठरवली जाते, त्या आकड्याच्या यादीतच तो बसत नव्हता! रणजीत दोन डावांत दहा बळी घेतलेल्या पोराला थेट कसोटीचा नवा चेंडू देण्यातला हा प्रकार आहे.

मॅनेजरच्या मर्जीवर सोडल्यास काय होते, ते 2012 मध्ये दिसले. न्यूयॉर्क मेट्सच्या आर. ए. डिकीचे 12 विजय आणि एकच पराभव होता, जूनमध्ये त्याने लागोपाठच्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकेकच हिट दिली होती. तरी टोनी ला रुसा यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅट केनला निवडले. डिकी नकलबॉल टाकत असे. तो चेंडू गिरकी न घेता तरंगत येतो आणि शेवटच्या क्षणी कुठे वळेल, हे तो झेलणाऱ्या कॅचरलाही कळत नाही. प्रेक्षकांच्या मतांनी निवडलेला कॅचर बस्टर पोझी केनच्याच संघातला होता, त्यामुळे केनचे चेंडू त्याच्या सवयीचे होते. कारण व्यवहारी होते, पण हंगामाअखेर लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार डिकीनेच नेला.

बाणेर रोड:
दोन्ही बाजू विजय-पराभवाच्या आकड्याला फार मान देत आहेत. 2025 मध्ये स्कीन्सने पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्याचे चार विजय आणि आठ पराभव होते, ईआरए मात्र 2.01. त्याचा संघच धावा काढत नसेल तर त्याने काय करावे? त्या हंगामाअखेर दहा विजय, दहा पराभव असतानाही साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. त्यामुळे सेलचे 13 विजय बाजूला ठेवावेत. सदाशिव पेठ यांचा इनिंगचा मुद्दा तेवढा खरा आहे. शिवाय रविवारी सामना टाकलेला पिचर मंगळवारी सहसा उतरत नाही, त्यामुळे मॅनेजरची यादी आपण समजतो त्याहून आखूड असते.

कर्वेनगरकर:
सर्वांचे आभार. विजयांचा मुद्दा मी मागे घेतो, इनिंगचा मात्र नाही. तरी एक गोष्ट कोणीच मांडली नाही: सेलने 2016, 2017 आणि 2018 असे सलग तीन ऑल-स्टार सामने अमेरिकन लीगकडून सुरू केले होते, म्हणजे हा मान त्याला नवा नव्हता. शिवाय स्कीन्सची ती इनिंग पाहताना घरातला विरोधी पक्षही गप्प झाला होता. हुआन सोटोला त्याने वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस) दिला, पण पुढच्याच फलंदाजाला, साक्षात ॲरन जजला, ग्राउंडबॉल (जमिनीवरून जाणारा फटका) मारायला लावून धाव न देता इनिंग संपवली. कौल विचाराल तर माझा अजूनही सेललाच आहे. फक्त लोव्हुलो यांच्यावर पक्षपाताचा आरोप मी यापुढे करणार नाही.